मूठभर जवस

आर्णीच्या तेलघाणीवर शुभदाताई तेलाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी बंजारा तांड्यावरची रुपीबाई, दोन्ही डोळे गेलेली, आणि तिची सून पुष्पा.

"चाला याडी, आपला डबा भेटला," पुष्पा सासूला म्हणाली.

"थांब. थेंबभर माह्या मनगटावर टाक."

"घ्या."

"हे आपलं नाही."

"करडईचंच हाय नं! दिसत नाही तुमाले, अन् कशावरून म्हनता?"

"करडईचंच हाय. पन बाजारातल्या मालाचं. चार गावची करडई एकात हाय."

शुभदाताई दचकल्या. त्यांनी करडई बाजारातूनच घेतली होती.

"असू द्या नं याडी. तेल तं तेल."

"माहा लेक बादल तीन वर्सानं घरी येऊन राह्यला. झुणक्यावर कच्चं तेल घेईन अन् पह्यल्याच घासाले इचारन, याडी, हे कोनाचं?"

"त्याले काय समजते!"

"समजते. आपल्या तेलाले जवसाचा वास राह्यते."

"करडईत जवस कायले टाकता तुमी?"

"माह्या लगनाच्या साली पेरतानी तुह्या सासऱ्याच्या हातून चुकून मूठभर जवस बियात गेला. मी लय हासली व्हती त्याईले."

"अन् आता?"

"आता ते राह्यले नाही. तं मी मुद्दाम टाकतो."

शुभदाताईंनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं. बराच वेळ वास घेतला. मग उठून तो डबा त्यांनी रुपीबाईच्या हातात दिला.

रुपीबाईनं एक थेंब मनगटावर चोळला, आणि मनगट नाकापासून हलवलंच नाही.