सजा संपली, मत गेलं

मी, हिरालाल सुखदेव खोब्रागडे, वय ४६, धंदा वेल्डिंग, राहणार बीरगांव, रायपूर. ठाण्यात बोलावून विचारल्यावरून सांगतो की, काल संध्याकाळी मतदान केंद्राचं बंद फाटक मीच हलवलं. राग आला की मले हिंदी सुचत नाही, म्हणून हवालदार गजभिये साहेबांनी मराठीत लिहून घेतलं.

कारखान्यातल्या मारामारीत माह्या हातून एका माणसाचा डोळा गेला. त्याची सजा मी पुरी भोगली. उन्हाळ्यात सुटलो. घरी माय आहे, कमलाबाई, ऐंशीच्या वर.

आमच्या घरी मतदानाच्या दिवशी पांढरे कपडे घालून आधी बाबासाहेबांच्या पुतळ्याला हात जोडतात, मग केंद्रावर जातात. काल सकाळी मी अन् माय तसेच गेलो. आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, नरहरी तिथे एका पक्षाचा एजंट होता. मी लाइनीत दिसलो तसा सर्वांसमोर बोलला, "अबे हिरा, तू काहून उभा आहेस? सजा झालेल्याचं मत कटते. निघ लाइनीतून." मी निघालो. आतल्या साहेबांना विचारलंसुद्धा नाही. जेलात कोणी निघ म्हटलं की निघायचं, पायाले तीच सवय. घ्या, एवढी माही अक्कल.

माय बायकांच्या लाइनीत दारापर्यंत पोहोचली होती. तीही बाहेर आली. मी म्हटलं, "माय, तू तर टाक." ती म्हणाली, "तुले नाही तर मले कायले? बाबासाहेबानं हक एकट्या माह्यासाठी आणला का?" मग दिवसभर ते पांढरं लुगडं न बदलता बसून राहिली. जेवली नाही.

संध्याकाळी अंगणवाडीच्या मीरा दीदी आल्या. मतदानाच्या चिठ्ठ्या त्याच वाटतात. म्हणाल्या, "भैया, आप दोनों आए क्यों नहीं?" मी सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, जेल में रहते तक मना है! छूट गए तो आपका वोट चालू. लिस्ट में नाम है आपका, भागो!"

मायचा हात धरून निघालो. तिले पळता येत नाही, अन् मले थांबवत नव्हतं. पोहोचलो तर फाटकाला कुलूप. मी फाटक हलवलं, शिवी दिली नाही. "मायचं तरी घ्या" म्हणून ओरडलो. शिपायानं धरलं, नाव-पत्ता लिहून रात्री घरी सोडलं.

नरहरीवर राग आहे, लिहा. तक्रार नाही. त्यालेही तसंच वाटत होतं अन् मलेही. माहं मत पुढच्या खेपेला होईल. मायनं आजवर एकही मतदान सोडलं नव्हतं, अन् तिची पुढची खेप कोणी पाहिली? एकदा आत जाऊन विचारलं असतं तर झालं असतं, साहेब.

वरचं सारं मले वाचून ऐकवलं, मी बोललो तसंच आहे. सही करायच्या आधी एक गोष्ट जोडायला सांगितली, ती अशी: आज सकाळपासून शेजारणी ओट्यावर बसून एकमेकींना शाईची बोटं दाखवून राहिल्या आहेत. माय त्यांच्यातच बसली आहे, डावा हात पदराखाली घेऊन.

हेही बरोबर लिहिलं आहे. सही केली.