डावा पाय कुणी पाहिला?

जमलेल्या मंडळींनो, आणि वहिनी,

बोलायला उभा राहिलोय. नानांना जाऊन दहा दिवस झाले. अशा सभेत चांगलंच बोलायचं असतं. मला ते जमणार नाही. मला नानांचा राग आलाय, आणि तो मी त्यांच्या फोटोसमोरच सांगणार आहे.

नाना आपल्या शिरपूरच्या शाळेत पीटीचे सर. निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हा साखरवाल्यांना, म्हणजे मधुमेहींना, मैदानावर ओढून आणलं. माझं कापडाचं दुकान, सगळं आयुष्य गादीवर बसून गेलेलं. मी म्हणायचो, सर, गुडघे दुखतात. ते म्हणायचे, दुखू दे, पण ये. पाच वर्षं आलो. माझी साखर आटोक्यात आली ती त्यांच्यामुळे.

गुरुवारचा नियमही त्यांचाच. साखरेनं पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. म्हणून दर गुरुवारी व्यायाम झाला की बूट-मोजे काढायचे आणि जोडीदारानं जोडीदाराचे तळवे बघायचे. आधी आम्ही लाजलो. मोठमोठी माणसं, एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन बसलेली. नानांचा जोडीदार मी.

गेल्या हिवाळ्यात नाना दिवसाआड एसटीनं धुळ्याला जायला लागले. तिथं कुणीतरी लाइट थेरपीचं केंद्र काढलंय, पायावर लाल उजेड टाकतात. मी आपल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, घ्यायचा तर घ्या, पण गोळ्या आणि तपासणी सोडून नाही. धुळ्याच्या त्या माणसानं मात्र नानांना सांगितलं, डॉक्टरकडे गेलात तर कापाकापी करतील, जखम उजेडानंच सुकेल. हो, जखम. डाव्या टाचेला. आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

गुरुवारी मी म्हणायचो, सर, बूट काढा. ते म्हणायचे, "मना पाय बठ्ठा बरा शे, सकाळीच हिनं पाहिला." पाय अगदी बरा आहे म्हणाले, मी ऐकलं. पुढच्या गुरुवारीही ऐकलं. आणि घरी वहिनींनी विचारलं की सांगायचे, भाऊंनी, म्हणजे मी, पाहिलाय. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा पाय काळा पडलेला, विष अंगभर पसरलेलं, आणि वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दर गुरुवारी बघत होते ना?"

काय उत्तर देऊ मी? नाना, तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?

दवाखान्यातच मी नानांना विचारलं, का लपवलंत. म्हणाले, मीच बसलो असतो तर मैदानावर कोण आलं असतं. अहो, आम्ही आलो असतो. तुम्हाला खुर्चीत बसवून तुमच्याभोवती व्यायाम केला असता. एवढाही भरवसा नव्हता आमच्यावर? त्या माणसानं तुम्हाला फसवलं. तुम्ही मला फसवलंत. आणि मी, पाय न बघता, तुमच्या शब्दावर घरी गेलो.

ते केंद्र अजून चालू आहे. आपल्यातले काही जण तिथं जातात, मला माहीत आहे. त्यांची नावं मी घेणार नाही.

आता नानांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. पण ज्याच्या पायाला जखम आहे, साधा फोड का असेना, त्यानं उभं राहू नये. बसून राहावं. त्यात नानांचा अपमान नाही. लाज वाटली तर मान खाली घाला, पण बसा. मी डोळे मिटणार नाही. कोण बसलंय ते बघणार आहे, आणि इथून त्याला घेऊन थेट डॉक्टरांकडे जाणार आहे. दुकान मी आज बंदच ठेवलंय.