तीनपर्यंतची सही

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून बसलेल्या मास्तरीणबाईंनी डोळे मिटले होते. पण शेजारच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं कानावर येतच होतं.

“अगं, एवढी सही कर. आज शेवटचा दिवस, उमेदवारीचे अर्ज तीनपर्यंतच घेतात.”

“माझ्या डोळ्यांत थेंब घातलेत. अक्षर दिसत नाही.”

“मी बोट ठेवतो तिथे कर. दोनदा सरपंच झालो, आता जागा बायकांसाठी राखीव झाली, मला उभं राहता येत नाही. नाव तुझं, काम माझं.”

“न वाचता सही करू नका, असं दहा वर्षं सभेत तुम्हीच सांगत आलात.”

“ते लोकांना गं!”

“मग मी कोण?”

“थेंब नेमके आजच घालायचे होते?”

“आजची वेळ मीच मागून घेतली.”

“मुद्दाम?”

“अगदी मुद्दाम. दहा वर्षांत एक जेवण धड झालं नाही आपलं.”

मग कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

“किती वाजले हो?”

“तीन वाजून दहा मिनिटं.”

“सुटले बाई!”

“खरं सांगू? मीही सुटलो. पण उद्या सकाळी सहाला कोणी काम घेऊन आलं नि दार वाजलं तर?”

“वाजू दे. तुम्ही झोपा.”