बाराव्या खुर्चीतला पाय

मंडळी, ऐका. आख्यान लावण्याआधी एक प्रश्न टाकतो. उत्तर येत असलं तरी लगेच देऊ नका, मला अजून बराच वेळ काढायचाय. प्रश्न असा – धुतलेले पाय पुन्हा धुतले, तर नेमकं काय धुतलं?

मागच्या रांगेतले, हसू नका. हा प्रश्न गोधेवाडीच्या शांतवन त्रिभुवनला पडला, आणि तोही भर उपासनेत.

पवित्र गुरुवारी काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी फादर गावातल्या बारा जणांचे पाय धुतात. गोधेवाडीत या बारांना शिष्यांची नावंही दिलेली. शांतवन म्हणजे पेत्र. डोक्यावर केस होते तेव्हापासून पहिली खुर्ची त्याची.

आता पाय चारचौघांत काढायचा म्हटल्यावर तयारी आली. बुधवारपासून शांतवन वजरीनं टाचा घासायचा. गुरुवारी साबण, मग खोबरेल, मग पुन्हा साबण, आणि शेवटी पावडर. फादरांचं देऊळ घरासमोर, पण चालत गेलं तर धूळ लागेल म्हणून जीप काढायचा. एरवी ती जीप माणसं कोंबून तालुक्याला जायची. त्या दिवशी तिच्यात फक्त दोन पाय. बायको सुगंधा म्हणायची, "पाय धुवायला चाललात, की दाखवायला?"

बाकीच्यांचंही तेच. फादर इग्नेशियस तांब्यातून धार सोडायचे आणि घंगाळात पडलेलं पाणी तांब्यातल्यापेक्षा सुवासिक असायचं. त्यात पेत्रानं प्रभूला आधी 'नको' म्हटलं होतं, म्हणून शांतवनही पाय मागं घ्यायचा. कसा? पंगतीत 'नको, नको' म्हणत जिलबीसाठी जागा करून देतो ना आपण, तसा.

भानगड असायची बाराव्या खुर्चीची. ती यहूदाची, प्रभूला धरून देणाऱ्याची. मागच्या वर्षी जो तिच्यात बसला, त्याला गाव वर्षभर यहूदा म्हणत होतं. त्याची सासूसुद्धा. म्हणून यंदा कुणीच बसेना. फादर म्हणाले, "शांतवन, कुणालाही आण. अकरांवर मी सुरू करणार नाही."

शांतवन दारात आला. चिंचेखाली एक मेंढपाळ बसलेला – म्हाळू त्याचं नाव. एका पायाला फडकं गुंडाळलेलं.

"बाबा, जरा आत या. पाय धुवायचेत."

"कुणाचे?"

"तुमचे."

म्हाळूनं त्याला खालवर पाहिलं. "म्या काय केलंय?"

"काही नाही हो. खुर्चीत बसायचं, पाय पुढं करायचा. फादर धुतात."

"त्यांना दुसरं काम न्हाई?"

"आज हेच काम आहे."

"मग आधी प्यायला पाणी द्या. पायाचं मागनं बघू."

शांतवननं पाणी दिलं आणि त्याला आत नेऊन बसवलं. मंडळी, फडकं त्याला दिसलं होतं. वासही आला होता. पण खुर्ची रिकामी असली, की समोरचा माणूस नुसता खुर्चीएवढा दिसतो. बाबा, कुठले, कुठं निघालात – एवढं विचारायला काय लागत होतं?

सोहळा सुरू झाला. धार, पुसणं, पुढची खुर्ची. अकरा जणांना मिळून एक तांब्या पुरला. मग फादर बाराव्या खुर्चीपुढं गुडघे टेकून बसले आणि त्यांनी फडकं सोडलं.

पाय सुजून उंबराच्या बुंध्यासारखा झालेला. तळव्यात बाभळीचा काटा मोडून आत राहिलेला, भोवती हिरवं-काळं. फादर म्हणाले, "पाणी." तांब्या रिकामा. दुसरा भरून आणला, तिसरा आणला. घंगाळातलं पाणी आधी काळं झालं, मग लाल. इकडे गाणाऱ्यांचं गीत संपलं. त्यांनी ते पुन्हा म्हटलं. तेही संपलं. मग सगळ्यांना पाठ असलेलं एकच गीत उरलं – नाताळचं. तेव्हा त्या संध्याकाळी गोधेवाडीत, वधस्तंभाच्या आदल्या दिवशी, बाळ येशू जन्माला आला.

फादरांनी पोटरीला हात लावला. "अंग तापलंय. इतके दिवस थांबलात कसे?"

म्हाळू म्हणाला, "मेंढरांचा चारा सरला व्हता. बायकोला म्हणलं, तू कळप घिऊन हो म्होरं, म्या येतो मागनं. तसा येतोय."

"हा पाय आज डॉक्टरला दाखवायला हवा. उद्यापर्यंत राहील असं वाटत नाही."

फादरांनी वर पाहिलं. आणि काय सांगू – सगळ्या देवळानं माना खाली घालून डोळे मिटले. इतकी मनापासून प्रार्थना गोधेवाडीत त्याआधी झाली नव्हती.

जीप कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. शांतवन म्हणाला, "उपासना संपली, की लगेच नेतो फादर." वाजवी बोलला. मीही असंच बोललो असतो.

फादर तळवा पुसत राहिले. शांतवननं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पांढरेशुभ्र. आणि त्याला तो प्रश्न पडला. माझ्या पायावर पाणी पडलं, तेव्हा काय निघालं? काही नाही. मग इतकी वर्षं फादर माझं धूत काय होते?

पण उत्तर सापडेपर्यंत तो पाय थांबणार नव्हता. शांतवन उठला, म्हाळूला पाठुंगळी घेतलं आणि उपासना अर्धी टाकून निघाला. प्रभुभोजनाची भाकर मोडायची राहिली होती. पेत्राची खुर्ची रिकामी.

तालुक्याच्या डॉक्टरांनी काटा काढला, पू काढला. "पाय वाचेल. पण हा इथून हलणार नाही." म्हाळूनं शांतवनची बाही धरली. "दादा, ती तिकडं वाट बघती. न्हाई पोचलो तर म्हणंल, मेला रस्त्यात. कळप टाकून माघारी निघंल. तिला कोण सांगंल?"

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. देवळात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन असतं, ज्याचं त्याचं वाक्य ज्यानं त्यानं म्हणायचं. पेत्राचं शांतवनकडे. तो मात्र सकाळपासून जीप घेऊन लेंड्यांच्या मागावर. गावोगाव विचारत फिरला. चार ठिकाणी त्याला मेंढ्यांचा व्यापारी समजले, एका ठिकाणी चोर.

दुपारी माळावर पाल दिसलं. कुत्री धावली. कुत्र्यांमागून काठी घेऊन एक बाई आली. म्हाळूची बायको, ठकूबाई.

इकडे देवळात वाचन पेत्रापाशी आलं. प्रभूला धरून नेलंय, अंगणात शेकोटी आहे, आणि दासी पेत्राला विचारते – तू त्याच्यातलाच ना? पेत्रानं म्हणायचं, 'मी त्या माणसाला ओळखत नाही.' फादर थांबले. वाक्य म्हणायला कुणी नाही.

तिकडे माळावर ठकूबाईनं काठी रोखून विचारलं, "आमच्या माणसाचं नाव घेताय. तुमी त्याला वळखता का?"

शांतवननं तोंडावरची धूळ पुसली. म्हणाला, "ओळखतो."

मंडळी, आख्यान संपलं. पण गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, तीन दिवसांपासून पालं पडलीत. येताना आपण सगळे त्यांच्यावरूनच आलो. त्यात कुणाला काय हवं-नको, हे इथल्या एकाला तरी माहीत आहे? एका पालात पोर सारखं खोकत होतं. मीही ऐकलं, आणि कीर्तनाला उशीर होतोय म्हणून पुढं आलो.

आता मी शेवटचं पद म्हणतो. चांगलं लांब आहे. ज्याला मध्येच उठून तिकडे जायचं असेल, त्यानं खुशाल जावं. देव रागावणार नाही. मी थोडा रागावेन, पण पद संपलं, की मीही येतोच तुमच्या मागं.