दर दुसऱ्या शुक्रवारचे पर्यटक

टाल्लिनच्या बंदरात हेलसिंकीच्या बोटीची वाट पाहणाऱ्या त्या नवराबायकोमध्ये बाकावर वीतभर जागा होती, आणि तिथे त्याचा फोन पालथा ठेवलेला होता.

"तार्वो, ऑफिसात मोबाइलवरून मोजलेले आपल्या गावाचे पर्यटकांचे आकडे आलेत. दर दुसऱ्या शुक्रवारी फिनलंडचे तीस पर्यटक येतात, रविवारी जातात."

"आपल्या गावात? बघायला काय, बटाटे?"

"नावं दिसत नाहीत, फोन कुठल्या देशाचा तेवढं कळतं. अरे, ते तुम्हीच. तिकडे बांधकामावर गेलेले, तिकडचं सिमकार्ड घेतलेले."

"चार वर्षं घरी येऊन भांडी घासतोय, तरी मी पर्यटक."

"हसू नकोस. तुम्हाला इथले म्हणून मोजायचं की तिकडचे, ते मला सोमवारी लिहून द्यायचंय."

"नियम काय म्हणतो?"

"जिथे जास्त रात्री झोपतो, तिथला."

"मग तसंच लिही."

"आणि लिइनाला काय सांगू? रोज विचारते, बाबा कायमचा कधी येणार."

"बोट लागली, मारिका."

"दर वेळी बोट लागते. आज सांगून जा."

"मी परत राहायला येणार नाही. तुम्ही दोघी तिकडे या."