मोठ्या लाईनीसाठी अंगठा

जालना स्टेशन, १९७४. तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे रखमाजी नावाचे म्हातारे शेतकरी. त्यांच्याजवळ अर्जाचा कागद घेऊन आलेले देवानंद मास्तर.

“काका, अंगठा द्या. छोटी लाईन काढून मोठी टाका म्हणून दिल्लीला अर्ज चाललाय.”

“मोठ्या लाईनीनं काय व्हतं?”

“मनमाडला गाडी बदलायचं काम नाही. थेट मुंबई.”

“मुंबईत माझं कोण हाय? अन् ती गाडी पळती किती?”

“हिच्या दुप्पट.”

“मंग न्हाई देत.”

“अहो, लोक जल्दी पोचायला धडपडून राह्यले.”

“माझी लेक दिलीय रुळाच्या कडंला. सासू तिला माहेरी धाडत न्हाई. पर गवत कापायला कोण अडवतं? ही गाडी तिच्या शिवारातल्या चढावर दमती. दर सोमवारी मी खिडकीतून धपाटे देतो, ती शेंगा वर देती.”

“बोलता कधी?”

“‘बरी हाय का?’ ‘बरी हाय.’ तेवढ्यात चढ संपतो. मोठी गाडी दमंल का तिथं?”

“ती कशाला दमते?”

“मंग अर्जात लिहा, त्या चढावर हळू चालवा.”

“असं लिहीत नसतात, काका. अन् घाबरता कशाला? आज अर्ज दिला तरी लाईन यायला पंधरा वर्षं लागतील.”

“पंधरा? बराबर?”

“बिलकुल. जास्तच.”

“आणा शाई. तवर सासू काही टिकत न्हाई.”