अकरापैकी नऊ पास

नाही, बसू नकोस. उभ्यानेच बोल— आणि तो लॅपटॉप टेबलावर ठेवू नकोस, चारला मुली येतात ट्यूशनला. कौस्तुभ ना तू? पाटणकर सरांचा नवा असिस्टंट. सर स्वतः नाही आले? नाहीच येणार. चार वर्षं त्यांच्याकडे काम केलं मी, मीरा रोडला यायचं म्हटलं की त्यांची कंबर दुखायची. आणि आज तुला पाठवलंय, काय विचारायला? पुन्हा म्हण. “नीलिमा मॅडमनी तेव्हा प्रोग्रॅम कंपाइल करताना कुठले ऑप्शन दिले होते.” वा. एवढंच. सोप्पंय.

थांब, तुझं काय अडलंय ते मीच सांगते. खाडीच्या भरतीचा तो प्रोग्रॅम— परदेशातल्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीने फुकट वाटलेला, नुसता सोर्स कोड, ज्याचा त्याने आपापल्या मशीनवर कंपाइल करून घ्यायचा— तो तू नव्या मशीनवर चढवलास. चालला. आणि पाणी मिठागराच्या बांधावरून आत गेलं. रिपोर्टमध्ये मात्र ते बांधाखाली वीतभर थांबलंय. बरोबर ना? आता चौकशी समिती बसलीय, प्रोग्रॅम पुन्हा चालवून दाखवा म्हणतेय, आणि सरांना जुनाच आकडा पाहिजे. म्हणून माझे ऑप्शन हवेत. मान काय हलवतोस? लाज वाटत नाही तुम्हाला?

तुला काय माहितीय कसा चढवला होता तो प्रोग्रॅम. दोन हजार चार साल. तीन आठवडे मी लिनक्सवर बसले होते— एक लायब्ररी टाकली की ती दुसरी मागायची, दुसरी टाकली की तिसरीचं व्हर्जन जुनं निघायचं. स्क्रीनभर एररच एरर. शिकवणारं कोण होतं? कोणी नाही. वाचून वाचून केलं. आणि त्याच्या आधी-नंतर खाडीवर, भरतीची मापं घ्यायला. लवूकाका मिठागराचे रखवालदार, सहा महिने माझ्यासाठी चिखलात मापाची काठी धरून उभे राहिले. बांधामागेच त्यांचं घर. रंभाकाकू अंगावरून वारं गेलं म्हणून खाटेवर पडून— मी दिसले की तिथूनच ओरडायच्या, पोरीला आधी पेज द्या. तुला दिलीय का कोणी अशी पेज?

तर लिनक्सवर झालं एकदाचं. सोबत अकरा चाचण्या येतात, तू चालवल्या असशीलच— उत्तरं आधीच माहीत असलेली गणितं. तुमच्या मशीनने ती बरोबर सोडवली तर पुढचा विश्वास. अकराच्या अकरा पास. मग मोठं उधाण घातलं, वर नैऋत्येचा वारा घातला— पाणी बांधावरून आत. लवूकाकांना सांगितलं तर हसले. “यात नवीन काय, पोरी? यो बांध पुरनार न्हाय, माजा बा पन हेच बोलायचा.”

मग सर म्हणाले, माझ्या केबिनमधल्या विंडोजवर चढव, ज्यांना तिथे कॉलनी बांधायचीय ते लोक बघायला येणारेत. चढवला. पण एकदा चालायला नऊ तास. सर म्हणाले, नऊ तास? पाहुणे काय मुक्कामाला येणारेत? मग मी पुन्हा कंपाइल केला, आकडेमोड भराभर कर, अचूकपणा थोडा सोड, असा ऑप्शन देऊन. दोन तासांत संपला. पण प्रोग्रॅम नकाशाच्या बारीक चौकटी पाडतो, आणि एकेक चौकट ओली की कोरडी हे त्यात केसभराच्या फरकावर ठरतं— आणि त्या घाईत पाणी थांबलं. बांधाच्या खाली. दोन चाचण्या नापास. मी सरांना सांगितलं. स्पष्ट सांगितलं. तर हसून म्हणाले, अकरापैकी नऊ म्हणजे फर्स्ट क्लास की. झालं, बांध वाढवायची गरज नाही, असं गेलं रिपोर्टात. आणि गेल्या वर्षी ते उधाण आलं, भर दुपारी. लवूकाका औषध आणायला काशीगावला गेलेले. परत आले तेव्हा घरात कमरेएवढं पाणी. खाट केवढी उंच असते रे? सांग ना. गुडघ्याएवढी.

मी नोकरी सोडली. तुझे सर अजून खुर्चीत. जा, सांग त्यांना, खोटा आकडा काढायला दुसरी कोणीतरी—

काय? जुना आकडा नकोय? मग?

नाही, हळू सांग. “नीलिमा चुकायची नाही, माझंच काहीतरी बघायचं राहिलं असेल, तिला विचारून ये.” असं म्हणाले? समितीपुढे ते स्वतःवर घेणारेत?

ते हसले-बिसले नव्हते. फर्स्ट क्लास वगैरे काही बोलले नव्हते. ते मीच— आईला सांगितलं, शेजारी सांगितलं, सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं. दोन्ही आकडे समोर ठेवून त्यांनी मला विचारलं होतं, नीलिमा, यातलं बरोबर कुठलं? चाचण्या पास झाल्या ना दोन्हींच्या? प्रोग्रॅमची ती फोर्ट्रान भाषा, त्यांना त्यातलं काही कळत नाही, ते माझ्याच तोंडाकडे बघत होते. पुढच्या आठवड्यात माझा पर्मनंट होण्याचा इंटरव्ह्यू होता, आणि पाहुणे बाहेर बसलेले, आणि त्यांना कुठला आकडा आवडेल ते कळायला काय एमएस्सी लागते? मी म्हटलं, झाल्या. विंडोजचं बरोबर. पर्मनंट झालेही. लवूकाकांनी स्टेशनवरून पेढे आणले होते.

बघतोस काय असा? लिहून घे. तो ऑप्शन लिही— फास्ट मॅथ. खाली लिही, दोन चाचण्या नापास. त्याखाली लिही, सरांना हे माहीत नव्हतं. माझं नाव घाल. पूर्ण नाव. नाही, सही-बिही मी नाही करणार—

दे. दे ते पेन.

घे. आता जा. जा म्हणते ना!